आधी पंधरा किलो, मग रंकाळा?

कोल्हापूरहून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ४१, एका पतसंस्थेत काउंटरवर नोकरी, घरात नवरा, सासूबाई आणि शाळेत जाणारी दोन मुलं. उंची पाच फूट दोन इंच, वजन ९४ किलो. काही महिन्यांपूर्वीच्या तपासणीत साखर 'बॉर्डरवर' निघाली, एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्तचाचणी) ६.२. डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलं. ताईंनी नवे बूट घेतले आणि सकाळी रंकाळा तलावावर जायला लागल्या. दुसऱ्या आठवड्यात बाइकवरून जाणाऱ्या दोन पोरांनी त्यांच्या जाडेपणावरून काहीतरी ओरडून हसत गाडी पुढे काढली. त्या तशाच माघारी वळल्या, तर वाटेत ओळखीच्या एका काकू भेटल्या. "नुसतं चालून काय होतंय गं, तोंड आवरायला पाहिजे," असं त्या म्हणाल्या. तेव्हापासून रंकाळा बंद. आता त्या रात्री साडेनऊनंतर अपार्टमेंटच्या गच्चीवर दिवा न लावता चालतात, तेही आठवड्यातून एखाद-दोनदा. नवरा म्हणतो, "लोकांकडं कशाला लक्ष देतीस?" पत्रात त्यांनी पुढे लिहिलं आहे की, श्रावणात महिला मंडळाच्या मंगळागौरीत त्या तासभर फुगडी-झिम्मा खेळतात, शंभर बायका समोर बसलेल्या असतात आणि तेव्हा काहीच वाटत नाही. मग रस्त्यावर चालतानाच असं का होतं? आणि घरातल्या घरात आधी पंधरा किलो कमी करून मगच बाहेर पडावं, हे बरोबर ना?

प्रिय ताई,

मंगळागौरीबद्दल तुम्ही अगदी जाता जाता लिहिलं आहे, पण माझं उत्तर तिथूनच सुरू होतं.

त्या तासाभरात तुमचं शरीर तेच असतं. वजन तेच, गुडघे तेच, वर नऊवारीचा भार वेगळा. फुगडी घालताना अंग सगळ्यांना दिसेल असंच हलतं, दम लागतो, चेहरा लाल होतो, केस सुटतात. आणि तरीही तुम्ही थांबत नाही. 'माझं शरीर असं आहे म्हणून मला चारचौघांत हालचाल करायची लाज वाटते' असं तुम्ही स्वतःबद्दल धरून चालला आहात. तुमचाच श्रावण सांगतो की ते पूर्ण खरं नाही. चारचौघांत तुम्ही मोकळेपणाने खेळता. अडतं ते एका ठिकाणी आणि एका विशिष्ट कारणासाठी घराबाहेर पडताना.

मंगळागौरीत तुम्ही कशासाठी आलात, हे कुणी विचारत नाही. खेळायला आलात, बस. तिथे तुमच्यासोबत आणखी दहा जणी असतात, त्यांतल्या काही तुमच्याच अंगाच्या. खेळ तुम्हाला येतो, कदाचित इतरांपेक्षा चांगला येतो. रंकाळ्यावर यातलं काहीच नव्हतं. तुम्ही एकट्या होता, नवख्या होता, आणि आपण इथे वजनामुळे आलो आहोत हे सगळ्यांना कळतंय, अशी तुमची पक्की समजूत होती. मग प्रत्येक पाऊल म्हणजे आपल्या चुकीची कबुली वाटू लागते. अशा मनःस्थितीत कानावर पडलेला एक शेरा खोलवर रुततो, कारण आतून आपण तो आधीच स्वतःला ऐकवत असतो.

म्हणून 'आधी पंधरा किलो, मग रंकाळा' या तुमच्या योजनेबद्दल मला काळजी वाटते. ती वरवर समंजस दिसते. पण तिचा अर्थ असा होतो की रस्त्यावर चालण्याचा हक्क आधी कमवावा लागतो, आणि ७९ किलोला तो मिळतो. हा आकडा कुणी ठरवला? ७९ व्या किलोला रंकाळ्यावरचे लोक बदलणार नाहीत, आणि तुमच्या मनातला तो आवाजही तेवढ्याने गप्प बसेल याची खात्री नाही. पासष्ट किलोच्या मुलीही मला अगदी हेच लिहितात. 'थोडी बारीक झाले की' पोहायला जाईन, 'थोडी बारीक झाले की' साडी नेसून फोटो काढेन. तो 'थोडी' शब्द वर्षानुवर्षं पुढे सरकत राहतो.

दुसरं म्हणजे हे पंधरा किलो घरात बसून कमी होणार कसे? बहुतेक वेळा उत्तर असतं उपासमार. सकाळी चहा, दुपारी एक भाकरी, रात्री काही नाही. काही आठवडे काटा खाली येतो, मग एखादं लग्न, एखादा सण, एखादं आजारपण येतं आणि सगळं परत. तेवढ्या काळात स्नायूही झिजलेले असतात आणि मनाला आणखी एका अपयशाची खूण मिळालेली असते.

आणि तुमची साखर तोवर थांबून राहणार नाही. एचबीए१सी ५.७ ते ६.४ असेल तर त्याला मधुमेहपूर्व स्थिती म्हणतात. तुम्ही त्या पट्ट्याच्या वरच्या अर्ध्यात आहात. इथे एक गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली नसेल, म्हणून जरा सविस्तर सांगते. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने अशाच, मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीय लोकांवर तीन वर्षांचा अभ्यास केला. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या एका गटाला फक्त नेहमीचा सामान्य सल्ला मिळाला. दुसऱ्या गटाला आहारात बदल आणि रोज किमान अर्धा तास भरभर चालणं, असं नेमकं सांगून त्याचा पाठपुरावा केला गेला. तीन वर्षांत पहिल्या गटातल्या ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला, दुसऱ्या गटात हे प्रमाण ३९ टक्क्यांच्या आसपास राहिलं. आणि दुसऱ्या गटाचं वजन सरासरीने फारसं उतरलेलंच नव्हतं. वजनाचा काटा जवळपास तिथेच राहिला आणि तरी आजार बऱ्याच जणांपासून दूर राहिला, आहारातल्या बदलासोबत याचं एक कारण असं की चालताना पायांचे मोठे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात आणि इन्सुलिनचं काम सोपं होतं. त्यासाठी त्यांना आधी बारीक व्हावं लागलं नाही.

वजन उतरावं ही इच्छा चुकीची आहे, असं मी म्हणत नाही. गुडघ्यांसाठी तर फार फरक पडतो: अंगावरचं एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो, असं २००५ मधल्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं होतं. तीन किलो उतरले तरी गुडघ्यांना ते जाणवेल. माझं म्हणणं एवढंच आहे की चालणं त्या उतरण्यावर अवलंबून ठेवू नका. तुम्ही क्रम उलटा लावला आहे.

आता लोकांबद्दल. इथे मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचा एक प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना एक ओशाळं वाटेल असा टी-शर्ट घालून इतर मुलं बसलेल्या खोलीत पाठवलं. नंतर विचारलं, किती जणांनी तुमचा शर्ट पाहिला असेल? त्यांचा अंदाज होता, जवळपास निम्म्यांनी. प्रत्यक्षात पाहिला होता साधारण पाव लोकांनी. आपण स्वतःच्या मध्यभागी उभे असतो, म्हणून आपल्यावरचा प्रकाश आपल्याला दुप्पट वाटतो. सकाळी सहा वाजता रंकाळ्याच्या पदपथावरून जाणारी माणसं आपापल्या गुडघ्याच्या, कर्जाच्या, मुलीच्या लग्नाच्या विचारात असतात. तुम्ही त्यांच्या नजरेसमोरून जाता तेव्हा ती नजर बहुतेक वेळा तुमच्यावर थांबतसुद्धा नाही.

पण बहुतेक वेळा म्हणजे नेहमी नाही, हे तुम्हाला अनुभवाने माहीत आहे. त्या पाव लोकांनी शर्ट पाहिला होताच. जाड माणसाला, त्यातून जाड बाईला, आपल्याकडे लोक बघतात, बोलतात, हसतात. हे तुमच्या मनाचे खेळ नाहीत. 'लक्ष देऊ नकोस' हे वाक्य मला म्हणूनच फारसं आवडत नाही. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण त्यात जे झालं ते मोजण्यासारखं नव्हतं असं सुचवलं जातं, आणि ज्याला लागलं आहे त्यालाच वर लक्ष न देण्याचं काम लावलं जातं. शेरेबाजी सोसलेली माणसं व्यायाम टाळू लागतात, हे संशोधनातही दिसलेलं आहे. ज्यांना कुणी हसून 'सुधारायला' जातं, ती माणसं उलट घरात बसतात. तुम्ही गच्चीवरचा दिवा बंद केलात, ही दुबळेपणाची खूण नाही. दुखावलेलं माणूस असंच करतं.

एक गोष्ट तुमच्या गावाबद्दलही बोलायला हवी. कोल्हापुरात वजनदार शरीराला कमी लेखायची रीत कधीच नव्हती. शाहू महाराजांनी खासबागेचं कुस्तीचं मैदान बांधून घेतलं, गल्लोगल्ली तालमी उभ्या राहिल्या, शंभर-सव्वाशे किलोचा पैलवान पहाटे पळायला निघाला तर लोक कौतुकाने वाट देतात. त्याच्याही मांड्या घासतात, त्यालाही धाप लागते. त्याच्या घामाला मेहनत म्हणतात. मग त्याच रस्त्यावर बँकेत आणि पतसंस्थेत दिवसभर बसून काम करणारी, दोन बाळंतपणं झालेली, घरातल्या सगळ्यांचं आवरून निघालेली बाई चालायला लागली की तिच्या घामाचं हसू का व्हावं? तिचीही ती मेहनतच आहे. मला हे मनापासून खटकतं.

आणि तुम्ही काही जगावेगळ्या नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी जवळपास चारातल्या एकीचं वजन उंचीच्या मानाने जास्त निघालं. हालचालीचं चित्र तर त्याहून बोलकं आहे. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांसह झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २०२२ साली भारतातल्या साधारण ५७ टक्के बायका पुरेशी हालचाल करत नव्हत्या. यांत बारीक बायका भरपूर आल्या. हालचाल कमी असणं हा जाड माणसांचा खास दोष असता, तर हा आकडा असा दिसला नसता.

आता परत रंकाळ्यावर कसं जायचं ते बघू.

त्या दिवशी तुम्ही शेरा ऐकताच माघारी वळलात. स्वाभाविकच आहे. पण त्यामुळे झालं असं की त्या जागेची तुमच्या मनातली शेवटची आठवण तीच राहिली. भीती अशीच घट्ट होते: ज्या क्षणी ती सर्वांत जास्त असते त्याच क्षणी आपण निघून येतो, आणि थोडं थांबलो असतो तर ती उतरते हे कळायची संधीच मिळत नाही. म्हणून पुन्हा जायचं ते छोट्या, आधी ठरवलेल्या वेळेसाठी. बारा मिनिटं पुरेत. सहा मिनिटं पुढे, सहा मिनिटं मागे. पूर्ण फेरीचा विचार मनात आणू नका, अंतर मोजू नका. घड्याळात सहा मिनिटं झाली की वळायचं, मग कितीही बरं वाटत असो. आणि सहा मिनिटं होईपर्यंत वळायचं नाही, मग कितीही अवघड वाटत असो. हा दुसरा भाग महत्त्वाचा आहे. छातीत धडधड वाढेल, सगळे बघतायत असं वाटेल, तरी चालत राहा. काही मिनिटांत ती लाट ओसरू लागते, आणि ती ओसरताना तुम्ही तिथेच असायला हव्यात.

जागा आणि वेळ निवडताना थोडा सोपेपणा जरूर घ्या. जिथे गाड्या अगदी जवळून जातात तो रस्त्याकडेचा भाग सुरुवातीला टाळा, बागेच्या आतला पदपथ किंवा शालिनी पॅलेसच्या बाजूचा निवांत पट्टा धरा. रंकाळा अजून नकोच वाटत असेल तर शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात चला, तिथे सकाळी चालणारे भरपूर असतात आणि बाइकवरची टवाळकी कमी. आठवडाभर हे जमलं की एक पायरी वर. थोडी जास्त गर्दीची वेळ, किंवा तीच जागा पण पाच मिनिटं जास्त. ज्या दिवशी त्या पोरांच्या रस्त्यावरून चालायचं, तो दिवस सगळ्यात शेवटी ठेवा, पण यादीत ठेवा.

निघण्याआधी एक अंदाज बांधा: समोरून येणाऱ्या दहा माणसांपैकी किती जण माझ्याकडे टक लावून बघतील? आकडा मनात पक्का करा. मग चालताना मान वर ठेवून खरंच मोजा. मान खाली घालून चालणाऱ्याला चेहरे दिसत नाहीत, मग मन ते चेहरे स्वतःच रंगवतं आणि सगळे कुत्सित रंगवतं. मोजल्यावर आकडा बहुधा तुमच्या अंदाजापेक्षा खाली येईल. दोन-चार दिवस तो लिहूनही ठेवा. डोक्यावरून ओढलेली ओढणी, कानातले इअरफोन, अंगावर सैल जर्किन, असं काही तुम्ही लपण्यासाठी वापरत असाल तर ते एकदम टाकू नका, पण एकेक करत सोडा. नाहीतर 'ओढणी होती म्हणून निभावलं' असंच मन म्हणत राहतं.

गच्ची मात्र सोडू नका. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्ला मोठ्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम गतीच्या हालचालीचा आहे, आणि सलग दहा मिनिटं तरी झालीच पाहिजेत ही जुनी अट त्यातून काढून टाकली आहे. गच्चीवरची सात मिनिटं धरली जातात, पतसंस्थेचा जिना धरला जातो, बाजारात भाजी आणायला चालत गेलात तेही धरलं जातं. साखरेच्या दृष्टीने तर जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालणं फारच उपयोगाचं. तेव्हा रात्रीची गच्ची हे तुमचं औषधच आहे. फक्त दिवा लावा. अंधारात पाय मुरगळण्याचा धोका आहे, आणि आपल्याच इमारतीत चोरासारखं चालायचं काही कारण नाही.

गती किती? बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. एवढी खूण पुरे, मनगटावर घड्याळ लागत नाही. आठवड्यातून दोनदा थोडं बळाचं कामही जोडा: खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि बसायचं, दहा वेळा, भिंतीला हात टेकवून जोर काढायचे, दहा वेळा. ही कामं स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत होतात. मात्र सुरुवात करण्याआधी डॉक्टरांना रक्तदाब आणि गुडघे एकदा नीट बघायला सांगा. चालताना छातीत दुखलं, दाब आल्यासारखं वाटलं, चक्कर आली किंवा नेहमीपेक्षा वेगळीच धाप लागली, तर थांबायचं आणि दाखवायचं. ते लाजेखातर अंगावर काढायचं नाही.

कपड्यांबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही, पण बऱ्याच जणींचं घोडं इथेच अडतं. मांड्या घासून सोलवटतात, छातीखाली घामोळं येतं, आणि मग दुसऱ्या दिवशी चालवतच नाही. हे तुमच्या शरीराचं काही विचित्र नाही, लांब पल्ल्याच्या धावपटूंनाही हाच त्रास होतो. निघण्याआधी मांड्यांच्या आतल्या बाजूला व्हॅसलीन लावा, सलवारीच्या आत गुडघ्यापर्यंतची सायकलिंग शॉर्ट घाला. एक चांगली, घट्ट आधार देणारी स्पोर्ट्‌स ब्रा घ्या. पैसे खर्च करायचेच तर बुटांनंतर तिच्यावर करा, कारण छाती हलण्याची लाज आणि दुखणं दोन्ही तिने बरंच कमी होतं. पंजाबी ड्रेसवर बूट चालतात, ट्रॅकपँट असायलाच हवी असं नाही. बायकांच्या विभागात माप मिळत नसेल तर पुरुषांच्या विभागातून ट्रॅकपँट घ्या, कुणी लेबल बघत नाही.

आता बोलणाऱ्यांचं. बाइकवरची पोरं आणि त्या काकू यांना एका मापाने मोजू नका.

पोरांना उत्तर द्यायचं नाही, कारण त्यांना तेच हवं असतं आणि ती थांबतही नाहीत. त्या क्षणापुरतं एकच काम: आपली सहा मिनिटं पूर्ण करायची. पण तीच मुलं परत परत येत असतील, मागे लागत असतील, तर गाडीचा नंबर टिपून ११२ वर कळवा. बाईच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या हेतूने केलेले शेरे आणि हावभाव हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ प्रमाणे गुन्हा आहे. तक्रार करताना 'मी जाड आहे म्हणून बोलले' असं सांगायचा संकोच वाटेल. काय बोलले ते सांगा, का बोलले ते सांगायची जबाबदारी तुमची नाही.

काकूंचं वेगळं आहे. त्यांच्या बोलण्याने तुम्हाला पोरांपेक्षा जास्त लागलं असावं, असं पत्रावरून मला वाटलं, कारण पोरं अनोळखी होती. काकूंशी वैर धरून कोल्हापुरात राहता येत नाही आणि धरायचं कारणही नाही. त्यांच्यासाठी एक वाक्य घरूनच तयार करून न्या. "व्हय काकू, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. या की माझ्यासंगट." त्यात माफी नाही, खुलासा नाही, भांडणही नाही. दोन-तीनदा हेच ऐकलं की बहुतेक माणसं विषय बदलतात, आणि एखादी खरंच सोबत येते. खाण्याबद्दल त्यांनी पुन्हा काढलंच तर "ते माझं आणि डॉक्टरांचं चाललंय" एवढं पुरे. तुम्ही काय जेवता याचा हिशोब पदपथावर उभं राहून कुणालाही द्यायचा नाही.

तुमच्या यजमानांना सल्ल्याऐवजी काम द्या. पहाटे सहा ते सात ही वेळ तुमच्या घरात कुणाची असते? डबे, सासूबाईंचा चहा, मुलांचं आवरणं, नळाला पाणी येणं, हे सगळं त्याच तासात असणार. रंकाळा सुटण्यामागे लाज होती हे खरं, पण लाज नसती तरी हा तास तुम्हाला सहज मिळाला असता का, हाही प्रश्न स्वतःला विचारा. आठवड्यातले चार दिवस चहा आणि मुलांचे डबे त्यांनी सांभाळले, तर 'लक्ष देऊ नकोस' म्हणण्यापेक्षा ती मदत कितीतरी मोठी होईल. हे मागताना उपकार मागतोय असं वाटू देऊ नका. उद्या मधुमेह झाला तर त्याची धावपळ सगळ्या घराला करावी लागणार आहे.

हे वाचणाऱ्यांत काही जण वेगळ्या जागी अडलेले असतील. जिममध्ये आरशांसमोर उभं राहायला धजावत नाही असे तरुण मला लिहितात. त्यांनी सकाळी अकरा ते दुपारी चारच्या मधली रिकामी वेळ धरावी, आणि पहिल्याच दिवशी प्रशिक्षकाला सांगावं की मला यंत्रं वापरायला शिकवा, वजनाबद्दल मी विचारलं तरच बोला. जो प्रशिक्षक हे ऐकूनही तुमच्या पोटावर विनोद करतो त्याच्याकडे वर्षाची फी भरू नका. आणि ज्यांची मुलं अंगाने जाड आहेत त्या आईबापांना माझी कळकळीची विनंती आहे: पाहुण्यांसमोर, भावंडांसमोर त्यांच्या वजनावर बोलू नका. शाळेत पीटीच्या तासाला ते पोर आधीच पुरेसं ऐकत असतं. त्याच्याबरोबर खेळायला उतरा.

ताई, काट्यावर रोज उभ्या राहू नका. तीन महिन्यांनी एचबीए१सी पुन्हा तपासा, कारण ती चाचणी साधारण तेवढ्याच काळाची साखर सांगते. तोवर पतसंस्थेचा जिना चढताना दम कुठे लागतो, रात्री झोप कशी लागते, बारा मिनिटांची किती मिनिटं झाली, एवढं वहीत लिहा. एखाद्या दिवशी पुन्हा कुणी काही बोलेल. त्या दिवशी घरी येऊन रडावंसं वाटलं तर रडा, आणि एका दिवसाच्या वर खंड पडू देऊ नका, मग दुसऱ्या दिवशी पाचच मिनिटं का होईना.

आणि एकट्या जाऊ नका. तुमच्या मंगळागौरीच्या गटातल्या दोघी तरी अशा असतील ज्यांच्यासमोर तुम्हाला धाप लागल्याची लाज वाटत नाही. त्यांच्याबरोबर तुम्ही फुगडी घातली आहे, त्यांना तुमचा घाम माहीत आहे. त्यांना आजच फोन करा. वजनाचं काही सांगायची गरज नाही, "सकाळी रंकाळ्याला चालायला येताय काय?" एवढंच विचारा. फक्त दिवस ठरवण्याआधी तिघींच्या घरी पाणी किती वाजता येतं ते बघून घ्या, म्हणजे कुणाला मधूनच परत पळावं लागणार नाही.